सह्याद्रि : भूरचना, पर्जन्य व इतिहास

सह्याद्रि : भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला जवळजवळ समांतर असलेली पर्वतश्रेणी. ‘पश्चिम घाट’ या नावानेही ती ओळखली जाते. तापी नदीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सु. १,६०० किमी. लांबीची ही श्रेणी गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या सहा राज्यांतून जाते. तिच्यात खरी मोठी खिंड एकच असून ती म्हणजे केरळातील सु. ३० किमी. रुंदीची पालघाट खिंड होय. सर्वोच्च शिखर अनैमुडी (२,६९५ मी.) केरळात, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) व नासिक या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. साल्हेर (१,५६७ मी.) व महाबळेश्वर (१,४३८ मी.) ही महाराष्ट्रातील इतर उंच ठिकाणे होत.

नासिक येथील पांडव लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या कोरीव लेखात (इ. स. दुसरे शतक) गौतमीपुत्र सातकर्णीच्या सत्तेखालील पर्वतांमध्ये ‘सह्य’ पर्वताचा उल्लेख आहे. पुराणांतही सात कुलपर्वतांमध्ये त्याची गणना होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील सह्याद्रीचा विचार केला आहे. या भागात सह्याद्रीने जमिनीप्रमाणेच पावसाचीही विभागणी केली आहे. परंतु पाऊस व नद्या यांची विभागणी एकाच बाजूची नाही. पावसाचा मोठा वाटा पश्चिम उतारावर व माथ्यावर पडतो, तर माथ्यावर उगम पावणाऱ्या मोठ्या नद्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वाहत जातात. महाराष्ट्रातील वस्ती, व्यापार, युद्धे, दुष्काळ व सिंचन यांच्या इतिहासातील अनेक गोष्टींचा उलगडा या विसंगतीमुळे होतो.

भूरचना : महाराष्ट्रातील सह्याद्रि मुख्यतः बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचातील भेगांतून लाव्ह्याचे एकावर एक थर पसरत गेले व त्यांपासून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे भारतीय भूखंड सेशेल्सपासून अलग होताना पश्चिम किनाऱ्याची रचना बदलली. किनाऱ्यालगतचा तुटलेला कडा झिजेमुळे हळूहळू पूर्वेस सरकत गेला, असे सामान्यतः मानले जाते. या दृष्टीने पाहता सह्याद्रि हा हिमालयाप्रमाणे वळ्या पडून उंचावलेला पर्वत नव्हे, तर पठाराची पश्चिमेकडील उभी कड होय. म्हणूनच कोकणातून पाहणाऱ्यास तो छातीवर येणाऱ्या भिंतीसारखा दिसतो, तर देशावरून जाणाऱ्यास माथा येईपर्यंत पर्वताची जाणीवही फारशी होत नाही.

लाव्ह्याच्या कठीण व मऊ थरांची झीज सारखी होत नसल्याने डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. कठीण थरांचे ताशीव कडे व त्यांवरील सपाट माथे हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. महाबळेश्वर, पाचगणी, कास इ. ठिकाणी माथ्यावर जांभा दगडाची टोपी आढळते. मुख्य श्रेणीपासून पूर्वेस सातमाळा–अजिंठा, हरिश्चंद्र–बालाघाट व शंभुमहादेव हे फाटे गेले असून त्यांनी तापी, गोदावरी, भीमा व कृष्णा यांची खोरी विभागली आहेत.

गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ, अरबी समुद्रापासून सु. ८० किमी. अंतरावर होतो; तथापि ही नदी सु. १,४६५ किमी. वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. कृष्णेचा उगम महाबळेश्वरी, समुद्रापासून सु. ६५ किमी.वर असून तिची लांबी सु. १,४०० किमी. आहे. भीमा भीमाशंकर येथे उगम पावून कृष्णेस मिळते. याउलट वैतरणा, उल्हास, सावित्री, वासिष्ठी इ. पश्चिमवाहिनी नद्या आखूड व वेगवान आहेत. [→ दख्खनचे पठार].

पर्जन्य : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे मूळ कारण सह्याद्रि नव्हे. आशिया खंड व हिंदी महासागर यांच्या तापण्यातील फरक, तसेच तिबेटचे पठार व हिमालय यांचा प्रभाव ही त्यांची कारणे होत. मात्र आलेल्या पावसाची वाटणी सह्याद्रि करतो. सामान्यतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बाष्पयुक्त वारे कोकणात पोहोचतात. समोरील कड्यामुळे त्यांचा वेग मंदावतो, हवा वर चढते, प्रसरण पावून थंड होते व बाष्पाचे ढग बनून पाऊस पडतो. वाऱ्यांचा अडथळा पायथ्यापासून बराच पश्चिमेस जाणवत असल्याने किनाऱ्यावरही भरपूर पाऊस पडतो. माथा ओलांडून पूर्वेस उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते व ढग विरतात.

हा फरक किती थोड्या अंतरात घडतो, हे सातारा जिल्ह्यात स्पष्ट दिसते. महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस सरासरीने सु. ६०० सेंमी.च्या आसपास असतो. तेथून सु. १८ किमी. पूर्वेस असलेल्या पाचगणीला तो साधारण एकतृतीयांशावर येतो. कृष्णाकाठच्या वाईला सु. ७५ सेंमी. पडतो, तर आणखी पूर्वेस माण तालुक्यात तो ५० सेंमी.च्या आसपास राहतो. म्हणजे बैलगाडीच्या दोन-तीन मजलांत अतिवृष्टीचा प्रदेश संपून अवर्षणाचा प्रदेश सुरू होतो. पाऊस केवळ उंचीवर अवलंबून नसतो. आंबोलीची उंची महाबळेश्वरच्या जेमतेम निम्मी असूनही तेथे अधिक पाऊस पडतो. कड्याचा आकार, दऱ्यांची दिशा व समुद्रापासूनचे अंतर यांचाही त्यावर परिणाम होतो. या ढगांचा अभ्यास करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने महाबळेश्वर येथे २०१२ मध्ये मेघभौतिकीची प्रयोगशाळा सुरू केली. [→ मोसमी वारे].

पर्जन्यमानानुसार पिके व राहणी बदलते. कोकणात व पूर्व उताराच्या मावळ खोऱ्यांत भात, नाचणी व वरई, तर देशावर बाजरी व ज्वारी ही पिके होतात. देशावरील रबी ज्वारी सप्टेंबर–ऑक्टोबरमधील परतीच्या पावसावर व काळ्या जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असते. या दोन प्रदेशांना जोडणारा एक जुना दुवा म्हणजे मेंढपाळ धनगरांचे स्थलांतर होय. पावसाळ्यात मेंढरे कोरड्या देशावर राखावयाची, दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जावयाचे, तेथील शेतांत मेंढरे बसवून खतावयाच्या मोबदल्यात धान्य घ्यावयाचे व मृगापूर्वी परतावयाचे, असा हा क्रम आहे.

घाटवाटा व व्यापार : कोकणातील बंदरे व देशावरील बाजारपेठा यांना घाटवाटांशिवाय संपर्काचा मार्ग नव्हता. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा व कल्याण ही बंदरे आणि पैठण व तेर ही अंतर्भागातील नगरे यांचा उल्लेख येतो. जुन्नर व कल्याण–सोपारा यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख (इ. स. पू. पहिले शतक) आहे. यज्ञांतील दक्षिणांची मोजदाद त्यात असून प्राचीन अंकचिन्हांच्या अभ्यासात या लेखाला मोठे महत्त्व आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते.

लेण्यांची स्थाने या मार्गांची साक्ष देतात. भाजे, कार्ले व बेडसे ही लेणी बोरघाटाच्या माथ्याजवळ, जुन्नरची नाणेघाटाच्या तोंडाशी, नासिकची थळघाटाच्या वाटेवर आणि कान्हेरीची सोपारा–कल्याण बंदरांच्या परिसरात आहेत. कार्ले येथील दानलेखांत व्यापारी व यवन दात्यांची नावे आढळतात. पावसाळ्यात प्रवास थांबत असल्याने बौद्ध भिक्षू एका ठिकाणी वर्षावास करीत. खडकात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे लेखांतील ‘पोढी’, ही या लेण्यांची अविभाज्य अंगे होत. जेथे चार महिने अखंड पाऊस पडतो तेथेच उरलेल्या आठ महिन्यांसाठी पाणी साठवावे लागते, ही सह्याद्रीतील वस्तीची अट तेव्हापासून चालत आली आहे. पुढील काळातही कोकणातील मीठ घाटावर व देशावरील धान्य कोकणात नेणारे लमाणांचे व वंजाऱ्यांचे बैलतांडे याच वाटांनी जात.

दुर्ग व ऋतू : ताशीव कडे, सपाट माथे व खडकात खोदता येणारी टाकी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे सह्याद्रीत डोंगरी किल्ल्यांची साखळी उभी राहू शकली. राजगड, तोरणा, रायगड व प्रतापगड हे किल्ले मावळ व कोकण यांच्या संधिप्रदेशात आहेत. शिवाजी महाराजांच्या लष्करी नीतीत भूप्रदेशाइतकाच ऋतूचाही उपयोग दिसतो. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाच्या फौजेस जावळीच्या अरण्यात यावे लागले. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज घाट उतरताना उंबरखिंडीत कोंडली गेली. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निसटले ते जुलै १६६० मधील पावसाळी रात्री होय.

सपाट प्रदेशातून आलेल्या फौजांसाठी सह्याद्रीचा पावसाळा हा स्वतंत्र शत्रू ठरला. विशाळगड जून १७०२ मध्ये औरंगजेबाच्या हाती आला. पण पन्हाळ्यापर्यंतच्या सु. ५० किमी.च्या परतीच्या वाटेस त्याच्या सैन्याला महिन्याहून अधिक काळ लागला. फुगलेले ओढे, चिखल व उपासमार यांमुळे माणसे व जनावरे मोठ्या संख्येने दगावली. मराठी फौजाही पावसाळ्यात छावणी करीत व विजयादशमीस सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. खरिपाची कापणी, नद्यांचा उतार व रस्त्यांची सुकवण यांच्याशी हा प्रघात जुळलेला होता. १८१८ मध्ये मात्र इंग्रजांनी शेजारच्या उंचवट्यांवरून तोफा डागून बहुतेक किल्ले काही महिन्यांत घेतले आणि डोंगरी दुर्गांचे लष्करी महत्त्व संपले.

रस्ते व लोहमार्ग : बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्यापूर्वी मालाची ने-आण मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळघाटातील १८६५ मध्ये पूर्ण झाला. या कामांवर हजारो मजूर पटकी, ताप व अपघात यांना बळी पडले. लोहमार्गामुळे वऱ्हाड–खानदेशचा कापूस मुंबईस थेट पोहोचू लागला आणि मुंबई हे देशावरच्या मालाचे प्रमुख बंदर बनले. नाणेघाटासारख्या जुन्या वाटा त्यानंतर ओस पडत गेल्या.

दुष्काळ व सिंचन : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पट्ट्यात दुष्काळ वारंवार पडत आले आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकपरंपरेत प्रसिद्ध आहे. १६३०–३२ च्या दुष्काळाने गुजरात व दख्खन उजाड केले. १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर, सातारा, पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील पूर्वेकडील तालुक्यांची विशेष हानी झाली. या वेळी पुणे सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८९६–९७ व १८९९–१९०० चे दुष्काळ पाठोपाठ आले. १९७२–७३ च्या दुष्काळातील कामांतून रोजगार हमी योजनेस चालना मिळाली व तिचा कायदा १९७७ मध्ये झाला.

पर्जन्यछायेतील पावसाचा भरवसा नसला, तरी घाटमाथ्याचा पाऊस सहसा चुकत नाही. हा फरक सिंचनाच्या धोरणाचा पाया बनला. मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९–८० च्या सुमारास पुरे झाले. १९०१–०३ च्या भारतीय सिंचन आयोगानेही दख्खनसाठी घाटातील पाणी साठविण्यावर भर दिला. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये बांधून पूर्ण झाले. हे कालवे ज्वारी-बाजरीच्या संरक्षणासाठी योजले होते. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी या पिकांना पाणी घेत नसत. त्यामुळे कालव्यांचा खर्च भागेना व बारमाही पाणी लागणाऱ्या उसाला उत्तेजन देण्यात आले. १९५० नंतर प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी याच कालव्यांच्या प्रदेशात वाढली. अवर्षणप्रवण भागात सर्वांत अधिक पाणी पिणारे पीक कसे रुजले, याचे मूळ या हिशोबात आहे. कालव्याच्या वरच्या व खालच्या भागांतील, तसेच नासिक–अहमदनगर व मराठवाडा यांच्यातील जायकवाडीच्या पाण्याचा वाद हा त्याचाच पुढचा भाग होय.

पाण्याची बदललेली दिशा : पूर्वेस वाहणारे पाणी माथ्यावर अडवून पश्चिमेकडील कड्यावरून खाली सोडले, तर सु. ५०० मी.च्या उतारामुळे मोठ्या प्रमाणावर वीज मिळते. या तत्त्वावर टाटा कंपन्यांनी खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही जलविद्युत् केंद्रे उभारली. मुंबईच्या कापड गिरण्या व लोकल गाड्या या विजेवर चालू लागल्या. भीमेच्या खोऱ्यातील पाणी अशा रीतीने अरबी समुद्राकडे वळविले गेले. मुळशी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरणग्रस्तांचा हा देशातील एक आद्य लढा असून धरण मात्र पूर्ण झाले.

स्वातंत्र्योत्तर काळातील कोयना प्रकल्पही याच तत्त्वावर आधारलेला आहे. त्याची पहिली वीज १९६२ मध्ये मिळाली. पुढील टप्प्यांनंतर त्याची क्षमता १,९६० मेगॅवॉट झाली. वीज निर्माण करून पाणी वासिष्ठीत सोडले जाते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात तीव्र भूकंप झाला. जलाशयामुळे उद्‌भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात हे जगातील एक प्रमुख उदाहरण मानले जाते. पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणी-तंटा लवादाने मर्यादा घातल्या. दुष्काळाच्या वर्षांत हे पाणी पुन्हा भीमा व कृष्णा खोऱ्यांत सोडावे, अशी मागणी होत आली आहे. दुसरीकडे कोकणातील नद्यांचे पाणी उपसून गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या योजना पुढे आल्या आहेत. एकाच डोंगरावरून पाणी एकीकडे खाली सोडावयाचे व दुसरीकडे वर चढवावयाचे, असा हा विरोधाभास आहे.

विपुल पावसाच्या भागातही टंचाई असते. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), भातसा व मध्य वैतरणा (२०१४) या जलाशयांतून मुंबईस पाणी मिळते. परंतु यांतील काही जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तीव्र उतार, मातीचा पातळ थर व अच्छिद्र खडक यांमुळे पावसाचे पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते. जंगलतोडीने हा वेग वाढतो. याउलट, गावोगावच्या देवरायांमध्ये अनेक ठिकाणी बारमाही झरे टिकून आहेत.

दरडी व संरक्षण : कुजलेल्या खडकाचा व मातीचा थर अतिवृष्टीने संपृक्त झाला म्हणजे तीव्र उतारावरून तो घसरतो, उतार तोडून केलेली बांधकामे, खाणी व रस्ते यांमुळे हा धोका वाढतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन १५१ जण मृत्यू पावले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सु. ६० सेंमी. पाऊस झाला व त्याच काळात रायगड जिल्ह्यातील तळिये येथे दरड कोसळली. जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडी व जुलै २०२४ मध्ये केरळातील वायनाड येथे मोठी जीवितहानी झाली. दरडग्रस्तांत डोंगरउतारावर राहणाऱ्या आदिवासींचे व लहान शेतकऱ्यांचे प्रमाण मोठे असते.

सह्याद्रीतील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही स्थळे त्यांत आहेत. तत्पूर्वी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञगटाने २०११ मध्ये संपूर्ण श्रेणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून तिचे तीन स्तर करावेत व निर्णयात ग्रामसभांना स्थान द्यावे, अशी शिफारस केली. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन कार्यगटाने हे क्षेत्र सु. ३७ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. खाणकाम, पर्यटन, शेती व स्थानिकांचे हक्क यांवरून दोन्ही अहवालांना विरोध झाला. केंद्र शासनाने २०१४ पासून मसुदा-अधिसूचना वारंवार काढल्या. त्यांपैकी सहावी ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली. गोदावरी, कृष्णा व कावेरी या तिन्ही नद्यांचे उगम या श्रेणीत असल्यामुळे येथील अरण्यांचा व उतारांचा प्रश्न घाटमाथ्यापुरता मर्यादित नाही. ज्या प्रदेशात सह्याद्रि पाऊस पोहोचू देत नाही, त्या प्रदेशाचे पाणीही त्याच्याच माथ्यावरून येते.